चौकीवरचा हिवाळा कोणी काढला

ता. १९ मार्च, मंगळवार

ती. आत्यास,

आधी घरच्यांच्या तब्येती आणि मग बाकीचं, हा तुझा नियम. म्हणून तसंच लिहितो. आईचा खोकला गेला. बाबांचा गुडघा आहे तसाच आहे, पण जिना चढताना ते आता कुरकुर करत नाहीत, फक्त पायऱ्या मोजतात. मी बरा आहे. तुझं प्लास्टर काढून आज तेवीस दिवस झाले. व्यायाम करतेस का, हे तुला विचारायची माझी प्राज्ञा नाही.

सोबत एक छापील पान आहे. आमच्या वेबसाइटवरचं आहे, पण मोबाइलवर वाचताना तू चष्मा सारखा वरखाली करतेस म्हणून गोदामाशेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या अक्षरांत काढून घेतलं. आधी पत्र वाच. पान आधी वाचलंस, तर मी आहे त्यापेक्षा बरा माणूस वाटेन.

मला परीक्षक म्हणून कायम केलेलं नाही. आणखी तीन महिने तात्पुरताच आहे. तरीही मी सध्या ताठ मानेनं फिरतो, त्याचं कारण खाली येईल.

दिवसा पार्सलं लावायची आणि संध्याकाळी मोबाइलवरच्या गेमांची परीक्षणं लिहायची, हे तू आमच्याकडे दहा आठवडे राहिलीस तेव्हा पाहिलं आहेस. तिथं लिहिणारे बाकीचे सगळे पदवीधर. मी दहावीतून उठलेला. म्हणून मी प्रत्येक गोष्ट दोनदा करतो. वेबसाइटवाल्यांनी दिलेल्या जुन्या फोनवरच खेळतो, कारण वाचकांचे फोन तसलेच असतात. किती वाजता सुरू केलं, किती वाजता थांबलो, तेव्हा कोठारात काय होतं, सगळं वहीत लिहितो. डावपेचांचे गेम आणि एखादं पात्र घेऊन त्याला वाढवत न्यायचे गेम, हे दोनच प्रकार संपादकबाई मला देतात. त्या म्हणतात, "तू घाई करत नाहीस. बाकीचे पहिल्या तासात मत बनवतात आणि उरलेला वेळ त्याला पुरावे शोधतात."

'चौकीवरचा हिवाळा' हा गेम त्यांनी मला जानेवारीत दिला. डोंगरातल्या खिंडीत एक चौकी, तिच्यात चाळीस माणसं, वर बर्फ, खाली शत्रू. हिवाळाभर ती माणसं जगवायची. गोदामात फोन आत नेऊ देत नाहीत, म्हणून दिवसभर तो फोन स्वयंपाकघराच्या ओट्यावर चार्जिंगला असायचा.

वहीत माझ्या हातचं लिहिलेलं आहे: रात्री फोन ठेवला तेव्हा धान्य चारशे बारा पोती. दुसऱ्या संध्याकाळी उघडला तेव्हा अकराशे साठ. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. असले पुष्कळ गेम बंद असतानाही आपापले चालत राहतात, कोठार भरत राहतं. मला वाटलं, या गेमवाल्यांचा हात जरा सैल आहे. गेममधल्या अकराव्या दिवशी हिवाळा संपला. चाळीसच्या चाळीस माणसं जिवंत. मी परीक्षण लिहिलं: गेम झोपाळू आहे, शत्रू आळशी आहे, नऊ तास लक्ष दिलं नाही तरी राज्य वाढतं. पाचपैकी दोन तारे. शुद्धलेखन तीनदा तपासलं.

दिवसा तो गेम तू खेळत होतीस, हे मला माहीत नव्हतं. त्या वेळी खरंच नव्हतं.

परीक्षण आलं आणि खाली वाचकांची रीघ लागली. "भाऊ, कुठला गेम खेळलास?" "माझी माणसं आठव्या दिवशी मेली, याला झोप आली म्हणे." एकानं लिहिलं, "हा बहुतेक गेमचं फक्त चित्र बघून लिहितो." मग गेम बनवणाऱ्यांचं पत्र आलं. तिघंच जण आहेत ते, भाड्याच्या एका खोलीत काम करतात. चार वर्षं लागली त्यांना. चिडले नव्हते, तेच जास्त लागलं. त्यांनी लिहिलं होतं की एकही माणूस न गमावता हिवाळा कुणी काढल्याचं आम्ही अजून ऐकलेलं नाही, आमच्याकडूनही झालेलं नाही, तर तुम्ही काय केलंत ते सांगाल का.

संपादकबाईंनी फोन केला. "खेळलास ना स्वतः?"

"हो," मी म्हणालो. "वही आहे माझ्याकडे."

त्या दिवशी वही आणि गेम पुन्हा ताडून बघायला मी गोदामातून अर्ध्या दिवसाची रजा काढून घरी आलो. तू स्टुलावर पाय ठेवून बसली होतीस आणि गेमचा फोन तुझ्या हातात होता, चौकी उघडलेली. मी काहीतरी बोललो. नंतर तू आईला म्हणालीस, कुंड्या सुकल्या असतील, पाय मोकळा झालाच आहे, निघते. घरात सगळ्यांना कुंड्यांचंच कारण माहीत होतं. मीही तेच सांगत राहिलो.

काहीतरी बोललो, असं वर लिहिलं ते बरोबर नाही. मी ओरडलो. काय ओरडलो ते शेवटी लिहितो, आत्ता हात चालत नाही.

तू मात्र शांतपणे म्हणाली होतीस, "अरे, फोनवर आलं, चौकीवर हल्ला होतोय, मदत करा. घरात दुसरं होतं कोण?"

तू गेल्यावर मी गेम मुळापासून पुन्हा सुरू केला. फोन कपाटात कुलूपबंद करून गेलो. गेममधल्या नवव्या दिवशी सगळी माणसं मेली. पुन्हा सुरू केला. आठव्या दिवशी मेली. तिसऱ्यांदा सगळी हुशारी लावली, तर सातव्यालाच. आणि या तिन्ही वेळा कोठारात धान्य होतं. मी धान्य जमवत होतो आणि माणसं पहाऱ्यावर उभी राहून पडत होती.

मग फोनमध्ये जपून ठेवलेली तुझी चौकी उघडली. आत्या, प्रत्येक माणसाच्या चित्राखाली एक बारीक करडी रेघ असते. ती शोभेची आहे असं मला वाटलं होतं. ती थकव्याची आहे. सूचनांमध्ये तिचा कुठंही उल्लेख नाही. बत्तीस वर्षं हॉस्पिटलच्या वॉर्डातल्या नर्सांच्या ड्युट्या लावलेल्या मेट्रनला ती पहिल्या दिवशी दिसली. तू कुणालाच सलग दोन रात्री बुरुजावर ठेवलं नव्हतंस. स्वयंपाक्याला सुट्टी दिली होतीस. हल्ला करायला एकदाही कुणाला पाठवलं नव्हतंस, आणि शत्रू मात्र दमून तीनदा परत गेला होता. हे मी आळस म्हणून छापलं.

आणि नावं. मी 'सैनिक एक', 'सैनिक दोन' असंच चालू दिलं होतं. नावं बदलता येतात हे मला माहीत होतं, पण नावांच्या यादीकडे मी कधी फिरकलोच नाही. तुझ्या यादीत 'उशिरा येणारा' होता, 'हो म्हणून विसरणारी' होती, 'इंजेक्शनला घाबरणारा धिप्पाड' होता. मी एकटाच हसलो, मग आईला दाखवलं. ती म्हणाली, ही सगळी माणसं मेट्रनबाईंच्या वॉर्डातली, मी ओळखते. शेवटच्या पानावर कोठाराच्या नोंदी ठेवणारा एक जण होता. त्याचं नाव 'अक्षर चांगलं'. त्याला तू एकदाही बुरुजावर पाठवलं नव्हतंस. तो कोण, हे मी आईला विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी संपादकबाईंच्या ऑफिसात गेलो. चष्म्याच्या दुकानावरची ती खोली, चार टेबलं, एक खिडकी. उभ्यानंच सगळं सांगितलं. खेळलो मी अर्धाच, 'हो' म्हणालो ते अर्धं खोटं, आणि उरलेला गेम मला कळलाच नाही. नोकरी गेली असं समजूनच बोलत होतो, त्यामुळे एकदाही अडखळलो नाही.

त्या म्हणाल्या, "म्हणजे हिवाळा काढला मेट्रनबाईंनी आणि खाली सही तुझी."

"हो."

"अर्धं खोटं असं काही नसतं. तीन महिने आणखी तात्पुरता. जुनं परीक्षण मागे घेतो, तसं जाहीर करून. नवीन तू लिही. आणि तुझ्या आत्यांना विचार, त्यांना संध्याकाळचा वेळ असतो का."

शेवटचं त्या थट्टेनं म्हणाल्या की खरं, ते मला अजून समजलेलं नाही.

नवीन परीक्षण म्हणजे सोबतचं पान. पहिलं वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले: "हा गेम माझ्या आत्यानं जिंकला आणि मी तीनदा हरलो." साडेचार तारे. अर्धा कापला, कारण थकव्याबद्दल सूचनांत सांगायला हवं होतं. तुझं नाव घातलेलं नाही, तुला विचारलं नव्हतं. 'निवृत्त मेट्रन' एवढंच आहे. त्या तिघांनी वाचलं. त्यांनी कळवलं की ती करडी रेघ काढून टाका असं त्यांना ज्यानं त्यानं सांगितलं होतं, कुणी बघत नाही म्हणून. आता ती राहणार. तुझ्याशी बोलायचं आहे त्यांना. मी कळवतो म्हणालो, शब्द दिलेला नाही.

माझ्या आजवरच्या परीक्षणांत हे सगळ्यात जास्त वाचलं गेलं, आणि त्यात मी हरलेला आहे. मी हे गोदामात सगळ्यांना वाचून दाखवलं. आमचा मुकादम म्हणाला, "मेट्रनबाईंना म्हणावं, आमच्याही पाळ्या लावून द्या, इथंही माणसं उभ्या उभ्या पडतात." बाबांनी पान दोनदा वाचलं. एवढंच म्हणाले, "माझी बहीण आहे ती." अशा सुरात, की जणू मी नाकारत होतो.

आता राहिलेलं. वॉर्डात कुणाची चूक झाली तर तू तोंडी काही ऐकून घेत नसायचीस, लेखी खुलासा मागायचीस, असं आई सांगते. फोन न करता पत्र लिहितो आहे ते त्यासाठी.

खुलासा: पंचवीस फेब्रुवारीला दुपारी अडीचच्या सुमारास मी आत्याला म्हणालो, "ज्यातलं कळत नाही त्यात हात घालू नये. तुझ्यामुळे माझं वाटोळं झालं." त्या वेळी आत्या पाय वर घेऊन बसली होती आणि तिला लगेच उठून जाताही येत नव्हतं. यातला एकही शब्द खरा नव्हता. तिला कळत होतं. मला कळत नव्हतं. मी ओरडलो तो घाबरून ओरडलो, पण हे कारण म्हणून लिहीत नाही, नोंद म्हणून लिहितो. नंतर कुंड्यांचं कारण मी तसंच चालू दिलं, ही दुसरी चूक. ती काल रात्री आई-बाबांसमोर दुरुस्त केली.

खुलासा पुरेसा नसेल तर परत पाठव. मी पुन्हा लिहीन.

चूक मान्य असलेला आणि तुझा भाचा म्हणवून घेताना मान वर करणारा,
मी