बुटांची तोंडं

९ ऑक्टोबर, गुरुवार

आज हे जिक्र अर्धा टाकून, अल्लाचं नामस्मरण मध्येच सोडून घरी आले! मसुराच्या साराचं पातेलं तिथंच विसरले. काय झालं विचारलं तर तोंडातून ब्र नाही. कोटसुद्धा न काढता खुर्चीत बसून राहिले. माझं डोकंच फिरलं— पातेलं नवं आहे.

१० ऑक्टोबर

बोलले एकदाचे. मध्येच लघवीला म्हणून बाहेर आले, तर यांच्या बुटांची तोंडं दाराकडे. एकट्या यांच्याच. बाकी सगळ्यांचे जिथल्या तिथं, आत तोंड करून.

आमच्यात पाहुण्याचेसुद्धा बूट कुणी असे फिरवत नाही. खानक्यात, सूफींच्या मठात, शिष्याचे फिरवले की समजायचं— जा, पुन्हा येऊ नकोस. कुणी बोलून दाखवत नाही, त्यानंही विचारायचं नसतं. बूट घालायचे नि निघायचं. तिकडे तुर्कस्तानात, कोन्या गावी, यांच्या आजोबांपासून हेच चालत आलंय.

आणि हे कुणाला? ज्यांनी गुरू सफ्वेत शेखांबरोबर इथं जर्मनीत खानक्यासाठी सुताराच्या पडक्या कारखान्याची फरशी घातली, त्यांना! सुरुवातीला जिक्राला दोघंच बसायचे, तिसरी मी, पडद्याआड. मग एकेक जर्मन यायला लागला. शेख जाताना गादी योआखिमला देऊन गेले, तेव्हा बाकीची तुर्क मंडळी फुरंगटून निघून गेली. हे एकटे राहिले. आपल्या मुलाच्या वयाच्या योआखिमच्या हातावर ओठ टेकवले. म्हणाले, "रोप लागलं ना इथं? मग माती कुणाची ते विचारायचं नाही."

लागलं हो रोप. माळ्यालाच हाकललं.

१९ ऑक्टोबर

म्हटलं, मी जाते नि योआखिमला जाब विचारते. यांनी शपथ घातली. "माझंच काहीतरी चुकलं असेल. काय ते शोधतोय," म्हणाले. दिवसभर तेच शोधतात. एकदा जिक्रात डुलकी लागली होती म्हणे. एकदा आवाज फार चढला होता. अहो, मला सोडून उभ्या जन्मात कुणावर आवाज चढवलात का!

२३ ऑक्टोबर, गुरुवार

योआखिम आला. हातात सफरचंदाचा केक नि माझं पातेलं, घासून लख्ख. यांनी चहा दिला, तब्येत बरी नसते म्हणाले. तो म्हणाला, "आराम करा, नियाझीकाका. आम्ही आग्रह नाही करणार." आणि मान खाली घातली. चोर! पाहिलं ना मी.

हे विचारणार नाहीत नि तो सांगणार नाही. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही.

तो निघायच्या आधी यांनी कंबर धरून, वाकून त्याचे बूट नीट लावले. आत तोंड करून. त्याला कप्पाळ कळणार!

२ नोव्हेंबर

जेवण जवळजवळ सुटलंय. डॉक्टर म्हणतो हृदय थकलंय. गुरुवार आला की कोट चढवून बसतात, मग काढून खुंटीला लावतात. माझा जीव तीळतीळ तुटतो.

१४ नोव्हेंबर

पहाटे गेले. काल मला म्हणाले, "सापडलं नाही गं, काय चुकलं ते."

१८ नोव्हेंबर

इथंच पुरलं. मुलगा कोन्याला न्यायचं म्हणून हटून बसला होता. मी नाही ऐकलं. यांना इथंच हवं होतं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

खानक्यातली सगळी भेटायला आली. योआखिम रडला. का येईनासे झाले ते विचारायला हवं होतं म्हणाला, पण म्हाताऱ्या माणसाला कसं टोचून विचारायचं! मी चहा ओतत राहिले. शपथ आहे.

त्यांना पोचवायला दाराशी गेले, तर गेर्लिंडबाई खाली वाकलेल्या. उन्हाळ्यात नव्यानं आलेली ही बाई, सारा जन्म वृद्धाश्रमात नर्स म्हणून काढलेला. माझेच बूट उचलून दाराकडे तोंड करून लावत होती. माझ्या घरात! तळपायाची आग मस्तकाला गेली. मनगटच धरलं तिचं. हे काय चालवलंय म्हटलं.

दचकली बिचारी. म्हणाली, "असे ठेवले की नुसते पाय सरकवायचे. वळताना तोल जातो हो म्हाताऱ्या माणसांचा. आश्रमात आम्ही सगळ्यांचे असेच लावायचो. नियाझीकाकांचेही एकदा लावले होते मी. त्यांना किती त्रास व्हायचा वाकताना! पण त्यानंतर ते आलेच नाहीत."

मनगट सोडलं. सगळी गेल्यावर यांचा कोट तोंडाशी धरला नि ओरडून रडले. अहो, विचारायचं होतंत की एकदा! मी तरी कशाला पाळली ती शपथ?

२७ नोव्हेंबर, गुरुवार

सार घेऊन खानक्यात गेले. पडद्याआड आता कुणी बसत नाही, यांच्या जागेवर बसले. पाणी प्यायला बाहेर आले तर गेर्लिंडबाईनं माझे बूट दाराकडे फिरवून ठेवलेले. तसेच राहू दिले, आणि परत आत जाऊन बसले.