ओल्या लाकडाचं चाक

दादा,

तू गेल्याचं वहिनीच्या पत्रातून कळलं. तिने एकच विचारलंय, "यांच्या हातून खरंच चूक झाली होती का हो, भावोजी?"

वीस वर्षं झाली. चाक भर रस्त्यात निखळलं आणि गाडीवान जन्माचा लंगडा झाला. चाकावरची लोखंडी धाव तू चढवली होतीस, लाकूडकाम माझं. गिऱ्हाइकाची घाई होती, म्हणून मी आरे ओल्या लाकडाचेच ठोकले. ओलं लाकूड वाळलं की आकसतं. मग धाव कितीही घट्ट असो, ढिली पडणारच.

तुटकं चाक अंगणात आणलं, तेव्हा तू एक आरा चाकाच्या मधल्या तुंब्याच्या भोकात परत बसवून पाहिलास. पडायला आलेल्या दातासारखा तो हलत होता. तू माझ्याकडे बघितलंस. मग बाबांना म्हणालास, "धावेचं माप माझंच चुकलं."

बाबांनी तुला घराबाहेर काढलं. मी भुसा झाडत राहिलो.

"धाकट्याला देवाने हात दिले, तोंड द्यायचं राहिलं," असं बाबा कौतुकाने म्हणायचे.

वहिनीला उत्तर लिहायला बसलो होतो, दादा. बघ, पुन्हा तुलाच सांगत बसलोय.

तुझा,
धाकटा