त्यांना बरं नाहीये

प्रिय आई,

काल तू फोन ठेवलास तो आदळूनच. मीही चिडलेली होते, म्हणून परत लावला नाही. फोनवर आपलं ठरलेलं आहे, तू रडतेस आणि मी विरघळते. पत्रात तुला मध्येच डोळ्यांना पदर लावता येत नाही, म्हणून पत्र. बाबांच्या ऑफिसात आता नुसत्या निरोपावर भागत नाही, डॉक्टरांचा दाखला मागतात, आणि तो मी आमच्या व्यसनमुक्ती केंद्रातल्या डॉक्टरांकडून आणावा, काविळीचा, असं तुझं म्हणणं. नाही आणणार. आधीच सांगून टाकते, म्हणजे तू उगाच आशेवर राहायला नको.

मावशीला तू अजून सांगतेस म्हणे, की मी लहान मुलांच्या शाळेतलं काहीतरी शिकते. तिला खरं सांग ना. सांग, पदवी घेऊन वर आणखी दोन वर्षं ही पोरगी व्यसन लागलेल्या माणसांशी बोलायला शिकतेय. ती म्हणेल, त्यात शिकायचं काय, दोन थोबाडीत दिल्या की झालं. तिला एकदा आमच्या मुलाखतीच्या खोलीत आणून बसवायला हवं. दोन सारख्या उंचीच्या खुर्च्या, भिंतीवर घड्याळ, पण ते येणाऱ्याच्या पाठीमागे, म्हणजे वेळेकडे लक्ष आपण ठेवायचं, त्याने नाही. कागदी रुमालांचा डबा त्याच्या हाताशी असतो, पण आपण तो पुढे करायचा नाही. पुढे केला की माणसाला वाटतं, आता आवरा, पुरे झालं रडणं. तुला हे जन्मात जमणार नाही. तू रुमाल देशील, पाणी देशील, आणि वर तोंड धुऊन ये म्हणशील.

एका भिंतीला मोठा आरसा आहे. आपल्याला त्यात आपलंच तोंड दिसतं, पण पलीकडून आम्हाला शिकवणाऱ्या बाई आणि बाकीचा वर्ग आपल्याला बघत असतात. येणाऱ्याला हे आधी सांगून त्याची परवानगी घेतात. तिथेच माझी फजिती झाली. आमची पहिली कसरत अशी, की समोरचा जे बोलतो ते आपल्या शब्दांत त्याला परत द्यायचं, म्हणजे त्याला कळतं की ऐकणारं कुणीतरी आहे. समोर एक बाई होती, तुझ्यापेक्षा लहान. म्हणाली, नवरा रोज पिऊन येतो, जिन्यातच पडतो, मुलं सकाळी त्याला ओलांडून शाळेत जातात. आणि मी, अगदी मऊ आवाजात, शिकवलेलं सगळं लक्षात ठेवून म्हटलं, म्हणजे त्यांना बरं नसतं.

ती म्हणाली, नाही हो, बरा आहे तो, दारू पितो. आरशाच्या मागे कुणीतरी फिसकन हसलं, ते मला इकडे ऐकू आलं. आमच्या बाई हसल्या नाहीत. नंतर त्यांनी मला एवढंच विचारलं, की बरं नसतं म्हणजे नक्की काय होतं. आणि आई, तुला सांगते, माझ्या तोंडून धडाधड बाहेर पडलं, पित्त, पाठ, ताप, पोट. आपल्या घरची सगळी यादी.

इतरांच्या घरी मुलांना पाढे शिकवतात, तू मला 'बाबांना बरं नाहीये' हे वाक्य शिकवलंस. स्टुलावर उभी करून, रिसीव्हर कानाला धरून. नुसतं 'बरं नाही' म्हणायचं नाही, ते पाठ केल्यासारखं वाटतं. 'नाहीये' म्हणायचं, म्हणजे आत्ताच ताप चढलाय असं वाटतं. पलीकडचे, बाबांच्या ऑफिसातले हेडक्लार्क मला शहाणी मुलगी म्हणायचे, आणि तू शेजारी उभी राहून मान डोलवायचीस. मला वाटायचं, मी बाबांना वाचवतेय. आज त्याचा राग येतो. तुझा येतो, बाबांचा येतो, त्या गोड बोलणाऱ्या हेडक्लार्कांचाही येतो. आणि शुद्धीत असले की तेच बाबा माझी वेणी घालायचे, तुझ्याहून घट्ट आणि सरळ. म्हणून जास्तच येतो.

बाई म्हणाल्या, अशा घरातून आलेल्यांनी एखादं वर्ष थांबून स्वतःकडे बघावं, मग पुढे जावं. मी म्हटलं, थांबणार नाही. स्वतःकडे बघेन, पण इथेच बसून, त्याच आरशात. पुढच्या आठवड्यात पुन्हा त्या खुर्चीत बसले. समोरचा म्हणाला, कधीतरी थोडी घेतो. मी म्हटलं, दारू. शब्द बाहेर पडला. आता तो घशात परत जायचा नाही, तुझ्यासाठीसुद्धा नाही.

दाखला नसला तर नोकरी जाईल म्हणतेस. जाऊ दे. नोकरी त्यांची आहे आई, आणि इतकी वर्षं ती करतेयस तू. पण हे सगळं काही दाखल्यासाठी लिहिलेलं नाही. बुधवारी दुपारी आमच्या केंद्राच्या तळमजल्यावर काही माणसं जमतात. पिणारी नव्हेत, पिणाऱ्यांच्या घरची. बायका आहेत, एक म्हातारे पोस्टमन आहेत, त्यांचा मुलगा पितो. नाव कुणी विचारत नाही, बोललंच पाहिजे असंही नाही. ती बैठक मी घेत नाही, आपल्या माणसाचा समुपदेशक आपण व्हायचं नसतं, तो आमचा नियम आहे आणि मला तो पटतो. मी फक्त फाटकाशी उभी राहीन आणि तुला दारापर्यंत सोडेन. बाबांना आणू नकोस. त्यांच्यासाठी बोलावत नाहीये, तुझ्यासाठी बोलावतेय. ते विचारतील कुठे निघालीस, तर खरं सांग आणि चप्पल घाल. त्यांचं ताट झाकून ठेवू नकोस.

तुझीच, आणि तुझ्याच वळणावर गेलेली,
भांडकुदळ