अर्धा राहिलेला सिनेमा

प्रिय सौ.स, दुरूनच सप्रेम नमस्कार.

आधी एक घोर अन्याय ऐक. सुट्टीच्या दिवशी खोलीवरचे मित्र सिनेमा लावतात आणि आमचा लांबड्या नेमका माझ्यापुढे बसतो. निम्मा नायक त्याच्या कानामागेच संपतो.

तुझं मात्र छान चाललंय. मी निघालो तेव्हा आपला अर्धा राहिलेला सिनेमा तू मैत्रिणींबरोबर संपवलास! वर लिहितेस, ‘शेवटी सगळ्या मिळून रडलो, मजा आली!’ रडा की. पण डोळे कुणाच्या बाहीला पुसलेस? इतकी वर्षं ती बाही माझी होती. तुझा दुखरा गुडघा कसा आहे?

काल मीही तो सिनेमा संपवला. लांबड्यानं वळून विचारलं, ‘दादा, सर्दी झाली?’ ‘पुढं बघ,’ म्हटलं.

आजवर दोघांच्या वाटचं तूच रडायचीस. माझ्या वाटचं काल फेडलं, स्वतःच्याच बाहीवर.

तुझाच,
मागच्या रांगेतला