डाव्या कानातलं भोक

बेहाला, कोलकाता
९ सप्टेंबर

प्रिय श्यामकांत,

'प्रिय' सवयीने लिहिलं गेलं. खोडणार होते, पण राहू दे. वकिलांना पत्र दाखवशील तेव्हा बरं दिसेल.

मी बरी आहे. शाळेत पुन्हा शिकवायला लागले, गर्दीच्या बसमध्ये उभी राहून जाते. तुला हे वाचून आनंद होणार नाही, म्हणूनच आधी लिहिलं.

बालीगंजच्या घरात शेजारच्या सेनकाकू तिन्हीसांजेला शंख फुंकायच्या. पहिल्यांदा त्या आवाजासरशी माझ्या डोळ्यांपुढे स्वयंपाकघराची भिंत कलंडली तेव्हा मी ओट्याला घट्ट धरून उभी होते. तुला सांगितलं, तर तू मित्रांसमोर म्हणालास, "शंख वाजला की पडते! अंगात येतं हिच्या." सगळे हसले. मीही हसले. पुढे एकदा सांगितलं, की डोळे फिरवले की बुबुळांची खरखर मला ऐकू येते. तेव्हा मात्र तू हसला नाहीस. त्या दिवसापासून तू माझ्याकडे वेगळंच बघायला लागलास.

मेंदूचा एमआरआय स्वच्छ आला. तो लिफाफा माझ्यापुढे टाकून तू म्हणालास, "बघ, काही नाहीये. सगळं तुझ्या मनात आहे." मग मनाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि दिवस झोपेत जाऊ लागले. दुर्गापूजेच्या अष्टमीला मांडवात ढाकाचे मोठे ढोल वाजले, मी पायऱ्यांवरून कोसळले आणि माझा हात धरलेली आपली नूपुरही. तिचं मनगट मोडलं ते माझ्यामुळेच. ते मी कधी नाकारलं नाही. पण तू महिन्याभरात पुण्याला बदली घेतलीस, सहा वर्षांच्या पोरीला घेऊन गेलास आणि तिला सांगितलंस, आई बरी झाली की येईल. तीन वर्षं झाली त्याला.

शाळेतली माझी सहकारी गौरी, तिने मला हाताला धरून सियालदहच्या एका कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी शाळेत असतो तसला नादकाटा माझ्या घोट्याच्या हाडावर टेकवला आणि विचारलं, "ऐकू येतंय?" आलं. पायाचा आवाज डाव्या कानात. मी घाबरून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. ते म्हणाले, "तुम्हाला वेड लागलेलं नाही. स्कॅन करू."

कानाच्या हाडाचा सीटी स्कॅन, अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरचे काप. पडद्यावर त्यांनी बोट ठेवलं. आतल्या कानात तोल सांभाळणाऱ्या तीन नळ्या असतात. त्यातल्या वरच्या नळीवरचं हाडच माझ्या डाव्या कानात एका जागी नव्हतं. टाचणीच्या डोक्याएवढं भोक. मोठा आवाज झाला की त्यातून तोल ढवळून निघायचा, आणि शरीरातले बारीक आवाजही त्यातूनच कानात शिरायचे. मेंदूच्या फोटोत ते दिसणारच नव्हतं. मी तिथेच हुंदके देऊन रडले, आणि खरं सांगते, पहिला विचार आला तो तुझाच. बरी होण्याचा नंतर आला.

जूनमध्ये कानामागून शिरून त्यांनी ते भोक बुजवलं. रिपोर्ट आणि फोटो मी तुला लगेच पाठवले. तुझं उत्तर दोन शब्दांचं होतं: "बरं झालं." मी वाट पाहिली. चार ओळींची माफी आली असती, तर मी सगळं गिळलं असतं.

आली ती घटस्फोटाची नोटीस. त्यासोबतच्या प्रतिज्ञापत्रात तू शपथेवर लिहिलं आहेस, पत्नी मानसिक रुग्ण आहे, तिला भास होतात, मूल तिच्या हाती सुरक्षित नाही. त्यावर तारीख ऑगस्टची आहे. माझा रिपोर्ट वाचून दोन महिने झाल्यावरची.

हे पत्र तडजोडीसाठी नाही. आधी काही कळवू नका, असं माझ्या वकीलबाईंनी बजावलं होतं. पण पायाखालची जमीन कधी सरकेल याची वाट बघत जगणं कसं असतं, ते चोवीस तारखेच्या सुनावणीपर्यंत तुलाही कळायला हवं. नूपुरला यात त्रास होईल, हे मला माहीत आहे. तरीही मी मागे हटणार नाही. स्कॅनचे फोटो मी तुझ्या आईंनाही पाठवले होते. परवा त्यांचा फोन आला. "मी त्याचं ऐकून तुला वेडी म्हटलं गं," एवढंच म्हणून त्या कितीतरी वेळ रडल्या. चोवीसला त्या कोर्टात येणार आहेत. माझ्या बाजूने साक्ष द्यायला.

तुझी म्हणवून घ्यायची ही शेवटची वेळ,
कालिंदी