सरासरी माणसासाठी बांधलेलं ऑफिस

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे तो खुर्चीत बसूनच घातलाय, पण भाव साष्टांगच समजावा.) तुमचे गुडघे कसे आहेत? मामींचा रक्तदाब निदान तुमच्यामुळे तरी वाढत नसावा.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तुझ्या त्या हुशार इमारतीचं काय झालं रे?" तेव्हा शेजारी बायको होती म्हणून मी "उत्तम" म्हणालो. खरं ते आता लिहितो.

मी इमारतीच्या मालकीणबाईंना चारचौघांत शब्द दिला होता, की हे ऑफिस वर्षभरात जेवढी वीज वापरेल तेवढी स्वतःच्या छतावर तयार करेल. सहा महिन्यांनी मीटर पाहिला, तर ते तयार करत होतं त्याच्या दीडपट खात होतं. वर्षअखेर आकडा जमला नाही तर पुढच्या इमारतीचे नकाशे दुसरा कोणीतरी काढेल, असं बाई शांतपणे म्हणाल्या.

मी पहिला आळ कबुतरांवर घेतला. सौर पॅनल घाण झाली असणार म्हणून बादली आणि फडकं घेऊन स्वतः छतावर गेलो. मागे दार आपोआप बंद झालं. (आतली हवा बाहेर जाऊ नये म्हणून ती सोय मीच केली होती, आतूनच उघडेल अशी.) दोन तास मी छताच्या काचेतून खालच्या लोकांना हातवारे करत होतो. सफाईवाला नवीन दिसतोय, मनमिळाऊ आहे, असं समजून त्यांनीही हात हलवले. पॅनल लख्ख झाली. मीटर ढिम्म.

शेवटी वायरमनने शोधून काढलं की वीज पहिल्या मजल्यावर जातेय. आम्ही टेबलांखाली वाकून पाहिलं, तर एकतीस हीटर! पहिला सापडला तो आवक-जावक सांभाळणाऱ्या बाईंच्या पायाशी. मी आवाज चढवणार, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "अहो, हे ज्याने बांधलंय तो भेटला तर त्याला इथे तासभर बसवा."

मी ओळख न देता बसलो. डोक्यावर ताज्या हवेचा झरोका, थेट मानेवर गार झोत. वीस मिनिटांत नाक गळायला लागलं. चाळिसाव्या मिनिटाला मी पायाच्या अंगठ्याने हळूच हीटर लावला, आणि मान वर केली तर समोर मालकीणबाई.

मग लपवण्यासारखं काही उरलंच नाही. मी सांगून टाकलं, की हिशोबात सरासरी माणूस धरायचा असतो आणि मी तो माझ्यासारखा धरला: दिवसभर जिने चढणारा, एका जागी न टिकणारा. आठ तास एकाच खुर्चीत बसून कागद नोंदवणारं माणूस माझ्या डोक्यातच आलं नाही. आवक-जावकच्या बाई एवढंच म्हणाल्या, "म्हणजे तुम्हीच का ते?" मामा, त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

महिनाभर खपून पहिल्या मजल्यावरचे सगळे झरोके खुर्च्यांवरून येण्याजाण्याच्या वाटेकडे वळवले. लोकांनी आपापले हीटर आणून दिले. आवक-जावकच्या बाईंनी आपला सगळ्यात शेवटी दिला, आठवडाभर खात्री करून घेतल्यावर. गेल्या महिन्यात इमारतीने खाल्ली त्याहून थोडी जास्तच वीज तयार केली. आकडा पाहून मी जिन्यात जाऊन रडलो. (सर्दी होतीच, कोणाला कळलं नाही.)

मामींना नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. मालकीणबाई म्हणतात, पुढच्या इमारतीचं काम देते, पण आधी बाकीच्या मजल्यांवरच्या एकशेचाळीस खुर्च्यांत कोणीतरी तासतासभर बसून खरं काय ते सांगावं. तुमच्याइतका मोकळेपणाने तक्रार करणारा माणूस माझ्या पाहण्यात नाही. सोमवारी निघाल का?

ता. क. २. मामींनाही आणा. तुम्हाला जिथे थंडी वाजते तिथे त्यांना उकडतं. मी सरासरी काढीन.