दुनळी बंदूक, तिचा ट्रस्ट आणि दुसरी सही

त्या बुधवारी सकाळी मी मटकी उपसून फडक्यात बांधली, डॉक्टरांचे दोन शर्ट धुऊन दोरीवर टाकले, देवांची भांडी घासली आणि लोखंडी कपाटातली बंदूक काढून पाटावर ठेवली. डॉक्टरांना जाऊन पाच महिने झाले होते, पण नुसते ठेवलेले कपडे वास धरतात. खंडेनवमी होती. आमच्या घरी त्या दिवशी हत्यारे आणि अवजारे पुजतात, म्हणून पाटावर स्टेथोस्कोप, माझी कात्री, विळी आणि ती दुनळी, अशी सगळी होती. हळदकुंकू वाहिले, अक्षता टाकल्या, निरांजन लावले. मग दार उघडे ठेवून उंबऱ्यावर रांगोळी काढत बसले. पोलिसांच्या बंदूक परवाना खात्याचा अधिकारी तपासणीला आला तो त्याच वेळी. तारीख त्याने आधी कळवली होती. लपवण्यासारखे काही नाही, असे मला वाटले होते.

"मिसेस आठल्ये, बंदुकीवर तांदूळ का आहेत?"

"पूजेचे आहेत."

"भरलेली आहे?"

"देवापुढे भरलेली बंदूक कोण ठेवील?"

तो तरुण होता, उद्धट नव्हता. बूट काढून आत आला, वाकून पाहिले आणि मोठी पिशवी मागवली. डॉक्टरांच्या, म्हणजे माझ्या पतीच्या, मृत्यूनंतर मला बंदूक तात्पुरती ठेवण्याची परवानगी होती, पण ती कुलपात ठेवण्याच्या अटीवर. उघडे दार आणि पाटावरची बंदूक हा अटभंग होता. चूक माझी होती. हे सर्व मृत्युपत्रात लिहिण्याचे कारण कलम ५ मध्ये येईल.

मी, श्रीमती सुप्रभा श्रीनिवास आठल्ये, वय ६६, राहणार ईलिंग, लंडन, शाळा सातवीपर्यंत, पुढचे वाचन स्वतःचे स्वतः. माझे डोके ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. कोणीही माझा हात धरून हे लिहवून घेतलेले नाही. तसा हात धरायला घरात कोणी नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले असल्याचे कोणी म्हणाल्यास ते खोटे समजावे.

१. राहते घर माझा मुलगा उदय, सध्या राहणार मेलबर्न, याला द्यावे. त्याने ते विकले तरी माझी हरकत नाही. फक्त मागच्या खोलीची खिडकी हिवाळ्यात अडकते, हे घेणाऱ्याला प्रामाणिकपणे सांगावे. या मृत्युपत्राचा एक्झिक्युटरही तोच.

२. हॉलमधला पियानो उदयचा आहे. सहा महिन्यांत न्यावा, नाहीतर कोणा शाळेला द्यावा. वीस वर्षे मी त्यावरची धूळ पुसली आहे.

३. माझे इंग्रजी-मराठी शब्दकोश, दोन्ही खंड, पुण्याचे माझे दीर शशिधर यांना पाठवावेत. १९७० साली मी निघाले तेव्हा भरल्या घरात ते म्हणाले होते, "वहिनी, बसवरची पाटी तरी वाचता येईल का तिकडे?" मी ज्या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढली आहे ते त्यांनी सावकाश पाहावेत. राग राहिलेला नाही. पण शब्दकोश पाठवायचेच आहेत, आणि टपालखर्च माझ्या पैशातून करावा.

४. बाकीची पुस्तके येथल्या मराठी मंडळाच्या कपाटात द्यावीत. त्या कपाटाला कुलूप लावू नये.

५. बंदूक.

डॉक्टर १९८१ साली बकिंगहॅमशरमधल्या नेमबाजीच्या मैदानावर पहिल्यांदा गेले. तेथे यंत्रातून मातीच्या तबकड्या हवेत उडवतात आणि त्यांवर नेम धरतात. त्यांनी पाखरू कधी मारले नाही. पहिले तीन रविवार ते नुसते कुंपणापाशी उभे होते, कारण स्वतःची बंदूक नव्हती आणि कोणी देईना. मी गाडीत बसून पाहत होते. चौथ्या रविवारी एका म्हाताऱ्याने आपली हातात दिली. तेव्हापासून डॉक्टर दर रविवारी लवकर पोचत आणि नवीन कोणी एकटे उभे आहे का, ते आधी पाहत. मी गाडीत थर्मास आणि पुस्तक घेऊन बसे. माझे बहुतेक इंग्रजी वाचन त्या गाडीत झाले.

अधिकाऱ्याने बंदूक नेल्यावर पत्र आले. नोव्हेंबरअखेर ती योग्य परवानाधारकाच्या ताब्यात गेली नाही, तर कापून नष्ट केली जाईल. उदयला फोन केला.

"आई, करू दे ना डिस्पोज. तू थोडीच शूट करतेस?"

"तू थोडाच पियानो वाजवतोस?"

"हे वेगळं आहे, आई."

वेगळे होते, हे खरे. पियानो कापायला कोणी येत नव्हते.

नेमबाजी क्लबचे सेक्रेटरी मिस्टर कॉलिन ब्रॅडवेल यांनी मार्ग सुचवला. बंदूक एका ट्रस्टच्या मालकीची करायची. ताबा त्यांचा, त्यांच्या परवान्यावर. ज्याच्याकडे स्वतःची नाही, अशा नव्या माणसाला मैदानावर ती वापरायला मिळेल. विमा आणि दुरुस्ती ट्रस्टने पाहायची. त्यासाठी बँकेत खाते हवे. ते उघडले, की पोलीस बंदूक सोडतील.

पहिल्या बँकेत ट्रस्टच्या नावातला बंदूक हा शब्द वाचून मॅनेजरने अर्ज दोन बोटांनी परत सरकवला. दुसरीकडे मी नुसते आठल्ये स्मृती ट्रस्ट असे लिहिले आणि कारण तोंडाने सांगितले. तेथली मुलगी शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "आणि दुसरे ट्रस्टी? दोन सह्या लागतील. याच देशात राहणारं कोणीही चालेल."

उदय मेलबर्नला. बंदुकीचा ताबा मिस्टर ब्रॅडवेल यांच्याकडे, म्हणून त्यांनीच पैशांवर सही करू नये असे क्लबचे मत. मुलगी पेन धरून थांबली होती.

"मैत्रीण? शेजारी? कोणीतरी असेलच ना?"

मी म्हटले, विचार करून सांगते. अडतीस वर्षे मी या देशात आहे. बसस्टॉपवर बसून मी विचार केला आणि एकच नाव सापडले. ते घ्यायची मला लाज वाटत होती.

एजवेअरची मधुमती रांगणेकर. परिचारिका, अविवाहित. उदयच्या जन्माच्या वेळी माझ्या उशाशी तीच होती. १९९७ साली मंडळाच्या गणपतीत ती सर्वांसमोर म्हणाली, "डॉक्टर सहा दिवस माणसं वाचवतात आणि रविवारी पाखरं मारतात." सगळे हसले, डॉक्टरही हसले. मी म्हणाले, "त्यांना रविवारी सोबत घेऊन जायला बायको आहे. तुझा रविवार कसा जातो गं?" कोणी हसले नाही. त्यानंतर अकरा वर्षे आम्ही बोललो नाही. आता माझे रविवार कसे जातात ते मला माहीत आहे.

शुक्रवारी मी तिच्या दारावरची घंटा वाजवली.

तिने साखळी न काढता पाहिले. "डॉक्टर गेले तेव्हा कार्ड टाकलं होतं मी."

"मिळालं. उत्तर लिहायला जमलं नाही."

"मग आज काय?"

"बँकेत सही हवी आहे. बंदुकीसाठी."

"अकरा वर्षांनी येतेस ती बंदूक घेऊन?"

"बंदूक पोलिसांकडे आहे, मधू."

ती इतकी हसली की तिला दाराला धरावे लागले. मी हसले नाही. मी म्हटले, "त्या गणपतीत मी बोलले ते फार वाईट होतं. डॉक्टरांनी घरी येईपर्यंत गाडीत तोंड उघडलं नव्हतं माझ्याशी."

"मीही नसतं उघडलं," ती म्हणाली. साखळी काढली. "आत ये. गुडघ्यांचं काय करून घेतलंयस हे?"

म्हणून असे ठरवते, की माझ्या बचतीचा चौथा हिस्सा या ट्रस्टच्या खात्यात जावा, बाकी उदयला. बंदूक विकू नये, भिंतीवर टांगू नये, कोणाच्या घरी नेऊ नये. कुंपणापाशी जो एकटा उभा असेल त्याला आधी विचारावे. माझ्या जागी पुढचा ट्रस्टी मधुमतीने निवडावा. तिला मी पैसे किंवा वस्तू काहीही ठेवलेले नाही, कारण ज्याला काही मिळते त्याची साक्ष चालत नाही, आणि मला तिची साक्ष हवी आहे.

त्या शुक्रवारी मी तिच्याकडे चार वाजेपर्यंत बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी बँकेत गेलो, आधी मी सही केली, मग तिने केली, आणि खाते उघडले.

ईलिंग, लंडन
दिनांक १२ फेब्रुवारी २००९

सुप्रभा श्रीनिवास आठल्ये

हिने आम्हा दोघांच्या समोर सही केली, आणि आम्ही तिच्या समोर:

१. मधुमती केशव रांगणेकर, निवृत्त परिचारिका, एजवेअर
२. कॉलिन ब्रॅडवेल, क्लब सेक्रेटरी. यांना मराठी वाचता येत नाही. सही होताना त्यांनी पाहिली आहे.